स्वमग्न मुलांची शाळा आणि आपण

(पनवेल येथे पालक, शिक्षक व सामाजिक कार्यकर्ते यांच्या एकत्रित मेळाव्यात एका विशेष शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



मी बोलायला उभी राहण्यापूर्वी एका कार्यकर्त्याने आपुलकीने विचारले, "ताई, ध्वनिक्षेपकाचा आवाज थोडा वाढवू का?" मी त्याला आवाज कमी करायला सांगितले. तो जरा चकित झाला. त्याचे कारण या सभागृहाच्या मागच्या बाजूला, दाराला लागून असलेल्या खुर्च्यांवर बसले आहे. तिथे दोन माता आपल्या मुलांना घेऊन बसल्या आहेत. पुढे जागा रिकामी असताना त्या मागे का बसल्या, हे मला ठाऊक आहे. कोणत्याही समारंभात, मग ते लग्न असो, मुंज असो वा कीर्तन असो, या माता आधी दाराजवळची खुर्ची शोधतात. मूल अस्वस्थ झाले, ओरडले, तर कोणाच्याही नजरेस न पडता बाहेर जाता यावे एवढाच त्यामागे हेतू असतो. आजचे माझे सगळे बोलणे त्या दाराजवळच्या खुर्चीविषयी आहे.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा शब्द आता आपल्या कानांवर पडू लागला आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नामध्ये हान्स अॅस्परगर यांनी अशाच काही मुलांचे वर्णन केले. स्वमग्नता हा संसर्ग नव्हे आणि वेडही नव्हे. मेंदूची जडणघडणच जन्मापासून वेगळ्या वळणाने झालेली असते. अशा मुलाला इतरांशी संवाद साधणे, त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव वाचणे कठीण जाते. तेच ते करत राहण्यात त्याला आधार वाटतो. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांची संवेदना त्याच्या ठिकाणी कधी अतितीव्र, तर कधी अतिमंद असते. कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी रेल्वेचे संपूर्ण वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवते. म्हणून एका स्वमग्न मुलाला ओळखले म्हणजे सगळी ओळखली, असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात साधारण १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. आपल्या पनवेलच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलाला हा हिशेब लावून पाहा. 'आमच्याकडे असे कोणी नाही' असे म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबू.

दोष कोणाचा?

मूल स्वमग्न आहे असे कळले की घरात पहिला प्रश्न येतो तो दोष कोणाचा, हा. आणि उत्तर बहुधा तयारच असते: आईचा. ही केवळ आपल्याकडची रीत नाही. पाश्चात्त्य देशांतही कित्येक वर्षे मोठमोठे विद्वान असेच सांगत होते की, आईच्या थंड, कोरड्या वागण्यामुळे मूल स्वतःत मिटून जाते. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली याच मताचा पुरस्कार करणारा ग्रंथ लिहिला. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड यांनी स्वमग्नतेचे मूळ जैविक आहे अशी साधार मांडणी केली होती. रिमलंड मानसशास्त्रज्ञ तर होतेच, पण एका स्वमग्न मुलाचे पिताही होते. आज त्यांचेच म्हणणे शास्त्राने स्वीकारले आहे. पुढे १९९८ साली लसीकरणाशी स्वमग्नतेचा संबंध जोडणारा निबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता आणि २०१० साली नियतकालिकाने तो मागे घेतला. मात्र तोवर असंख्य पालकांच्या मनात भीतीने घर केले होते.

इथे पनवेलमध्ये मी काय ऐकते? "सून नोकरी करते ना, म्हणून." "हातात मोबाइल दिला, म्हणून." पूर्वी पनवेलच्या वाड्यांत चार बिऱ्हाडांत मिळून मूल वाढायचे. आज खारघर, कामोठे, कळंबोली येथील सदनिकांत कोकणातून, देशावरून, विदर्भातून आलेली छोटी कुटुंबे राहतात. आजी गावाला, आजोबा गावाला आणि आई-वडील दोघेही लोकलमध्ये. या एकटेपणाने स्वमग्नता येत नाही. मात्र ती ओळखायला उशीर होतो आणि तिचा भार एकट्या आईच्या खांद्यावर पडतो. "मुलगाच आहे, मुलगे उशिरा बोलतात. याचे बाबाही तिसऱ्या वर्षी बोलले," या एका समजुतीपायी दोन-दोन मोलाची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत.

म्हणून आपल्या शेजारात, नात्यात लहान मूल असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. वर्ष उलटले तरी नावाने हाक मारल्यावर मूल वळून पाहत नाही. दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. आपला हात धरून तिथवर ओढत नेते. बोलू लागलेले शब्द अचानक हरवतात. खेळण्यातली मोटार चालवण्याऐवजी तिचे एकच चाक तासन् तास फिरवत बसते. यांपैकी काही दिसले तर घाबरू नका, पण थांबूही नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आपल्या खारघरमध्येच आहे. याच संस्थेने भारतीय मुलांसाठी ४० मुद्द्यांची मापनश्रेणी तयार केली. तिच्यात ७० ते १०६ गुण म्हणजे सौम्य, १०७ ते १५३ म्हणजे मध्यम आणि त्यापुढे तीव्र स्वमग्नता. २०१६ पासून केंद्र शासनाने दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी हीच श्रेणी ग्राह्य धरली. प्रमाणपत्र म्हणजे कपाळावर मारलेला शिक्का, असे अनेकांना वाटते. वास्तविक ती हक्काची किल्ली आहे.

आमचा शाळेतला दिवस

आमची शाळा पाहायला येणारे पाहुणे नेहमी विचारतात, "यांना शिकवता तरी काय?" त्यांना मी वर्गाचे दार दाखवते. दाराशेजारी प्रत्येक मुलाची एक पट्टी लावलेली असते. तिच्यावर ओळीने चित्रे: चप्पल काढणे, प्रार्थना, काम, डबा, झोका, घर. एक काम झाले की मूल स्वतःच्या हाताने ते चित्र काढून खालच्या पाकिटात टाकते. आपल्याला घड्याळ असते, पंचांग असते, सकाळी उठल्यावर दिवसाचा आराखडा डोक्यात असतो. या मुलांना पुढे काय होणार हे कळत नाही आणि त्या न कळण्याचीच त्यांना भीती वाटते. चित्रांच्या त्या पट्टीने निम्मी भीती जाते. वर्गाची मांडणीही अशीच उघड असते. काम डाव्या टोपलीतून घ्यायचे, पूर्ण झाले की उजव्या टोपलीत ठेवायचे. डावी टोपली रिकामी झाली की काम संपले. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी विकसित केलेल्या पद्धतीतून हे तत्त्व जगभर गेले. आम्ही त्याला आमच्या मुलांच्या हाताची कामे जोडली: वाल-चवळी निवडणे, वाती वळणे, पणत्या रंगवणे.

जी मुले बोलत नाहीत, त्यांना आम्ही चित्रांची देवघेव शिकवतो. पाणी हवे असेल तर पाण्याचे चित्र आणून बाईंच्या हातात द्यायचे. ही पद्धत अमेरिकेत १९८५ च्या सुमारास विकसित झाली. 'अशाने मूल बोलायचेच थांबेल' अशी पालकांना धास्ती असते. माझा अनुभव उलट आहे. मागितले की मिळते, हे एकदा उमगले की काही मुलांच्या तोंडून शब्दही फुटतो. ज्यांचा फुटत नाही, त्यांचे निदान ऊर फुटेस्तोवर रडणे तरी थांबते.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे एक आठ वर्षांचा मुलगा होता. रोज अकराच्या सुमारास तो स्वतःच्या मनगटाला कडकडून चावायचा. आम्ही त्याला हट्टी समजलो, रागावलो, समजावले, खाऊचे आमिषही दाखवले. शेवटी एका सहकारी शिक्षिकेने पंधरा दिवस वहीत नोंदी ठेवल्या: चावण्याआधी काय घडले आणि नंतर काय घडले. तेव्हा उलगडा झाला. त्याची जागा ज्या भिंतीला लागून होती, तिच्या पलीकडेच मधल्या सुटीची घंटा होती. ती घंटा त्याच्या कानात खिळ्यासारखी शिरत असे आणि तिच्या नुसत्या चाहुलीने तो आधीच बिथरून जाई. आम्ही त्याची जागा बदलली, घंटा होण्याआधी पाच मिनिटे त्याला घंटेचे चित्र दाखवू लागलो आणि कानांवर हात ठेवायला शिकवले. महिनाभरात त्याचे मनगट भरून आले. त्या दिवसापासून मी 'हट्टी' हा शब्द माझ्या कोशातून काढून टाकला. वर्तन हीसुद्धा भाषा असते. ती आपल्याला वाचता येत नाही, हा मुलाचा अपराध कसा?

आमचा आठवड्यातला सर्वांत महत्त्वाचा तास शाळेबाहेर भरतो. वर्गात दहा रुपयांची नोट अचूक ओळखणारे मूल दुकानात गेले की गोंधळते, कारण एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप नेणे स्वमग्न मुलाला जमत नाही. म्हणून आम्ही बाजारात जातो, एकेकाला कोथिंबिरीची जुडी विकत घ्यायला लावतो. वडाळे तलावाकाठी फिरायला जातो. पनवेल स्थानकावर जाऊन तिकिटाच्या रांगेत उभे राहतो. एकदा किराणा दुकानात आमचा एक विद्यार्थी पैसे हातात धरून तब्बल चार मिनिटे नुसता उभा होता. मागे गिऱ्हाइके खोळंबली. दुकानदारांनी हात पुढे करून नोट काढून घेतली नाही. त्यांनी मागच्या लोकांना शांतपणे एवढेच सांगितले, "जरा थांबा, तो देतोय." आणि त्याने दिली. पाचव्या मिनिटाला का होईना, पण स्वतःच्या हाताने दिली. मी विशेष शिक्षणाची पदविका घेतलेली आहे, पण त्या दिवशी त्या दुकानदारांनी जो पाठ घेतला, तो मला आजही आदर्श वाटतो.

माझी एक चूक

आता एक कबुली. स्नेहसंमेलन हा प्रत्येक शाळेचा आनंदाचा दिवस. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी मुलांचे एक समूहनृत्य बसवले होते. पाहुणे येणार, देणगीदार येणार, आमच्या शाळेने काय साधले हे त्यांना दिसले पाहिजे, अशी माझी जिद्द होती. दहा वर्षांच्या एका मुलाला मी चमकीचा अंगरखा घातला. तो अंगाला टोचतो, हे तो परोपरीने सांगत होता. दिवे लागले, ढोलकी वाजली, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तो मुलगा रंगमंचाच्या मधोमध खाली बसला. कान झाकून, अंगरखा फाडत तो किंचाळू लागला. पडदा पाडावा लागला. त्याची आई पहिल्या रांगेतून उठून आत धावली. तिने मला एका शब्दानेही दुखावले नाही. एवढेच म्हणाली, "बाई, मी त्याला पहिल्यांदाच पहिल्या रांगेतून पाहत होते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. तो कार्यक्रम मुलांसाठी नव्हता. तो माझ्यासाठी आणि टाळ्यांसाठी होता, हे मला स्वतःशी मान्य करावे लागले. सेवेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आपणा सर्वांपुढे हा मोह उभा असतो. ज्याची सेवा करायची, तोच आपल्या कार्याच्या प्रदर्शनातली वस्तू होऊन बसतो.

पुढच्या वर्षी आम्ही त्या मुलाकडे नीट पाहिले. सरावाच्या वेळी तो विंगेत उभा राहून प्रत्येक कार्यक्रमाचा क्रम पाठ करत असे. कोणत्या गाण्यानंतर काय, कोणाच्या किती गिरक्या, सगळे त्याला ठाऊक होते. आम्ही पडद्याची दोरी त्याच्या हाती दिली. सुती सदरा, कानांवर जाड आवरण, समोर कार्यक्रमांची चित्रपट्टी. त्या संध्याकाळी १४ कार्यक्रम झाले आणि पडदा एकदाही चुकला नाही. एका कार्यक्रमाला निवेदिका चुकून पुढचे नाव बोलून गेली, तेव्हा त्याने दोरी ओढलीच नाही. नाव दुरुस्त झाले, तेव्हाच पडदा उघडला. प्रेक्षकांना तो दिसला नाही. त्याच्या आईला मात्र पडदा उघडताना प्रत्येक वेळी तो दिसत होता.

कायदा आणि कर्तव्य

सगळ्याच स्वमग्न मुलांनी विशेष शाळेत यावे असे मी म्हणणार नाही. अनेक मुले शेजारच्या सर्वसाधारण शाळेत शिकू शकतात आणि तो त्यांचा अधिकारही आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिचा समावेश केला. या कायद्यानुसार लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत शेजारच्या शाळेत अथवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, विषयांतील सवलती आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग खुला आहे.

आणि तरीही प्रत्यक्षात काय घडते? मूल दाखवायला नेले की उत्तर येते, "आमच्याकडे सोय नाही. इतर पालक तक्रार करतात." शाळांची नावे मी घेणार नाही, त्यांच्याही अडचणी आहेत. एका वर्गात साठ मुले आणि एक शिक्षिका असताना तिने काय काय पाहावे? पण ज्याला पैसा लागत नाही, एवढे तरी करता येईल. बाकाची जागा वर्षभर तीच ठेवावी. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचे तास लिहून ठेवावेत. सूचना एका वेळी एकच, लहान वाक्यात द्यावी. गोंगाट असह्य झाला तर पाच मिनिटे बसायला एक शांत कोपरा असावा. मधल्या सुटीत सोबतीला एक समंजस मित्र नेमावा. माझा अनुभव आहे की, यांतील बहुतेक गोष्टींचा लाभ उरलेल्या एकोणसाठ मुलांनाही होतो.

आणखी एक प्रश्न आहे, जो प्रत्येक पालक रात्री स्वतःला विचारतो: आमच्यानंतर काय? शाळा अठराव्या वर्षी संपते, आयुष्य संपत नाही. राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतील स्थानिक स्तर समितीकडे, म्हणजे आपल्याला अलिबागला, अर्ज करावा लागतो. 'निरामय' योजनेतून एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. पण कागद झाला म्हणजे घर मिळाले असे नाही. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने बौद्धिक अक्षम प्रौढांसाठी 'घरकुल' उभे केले. अविनाश बर्वे यांच्यासारख्या शिक्षकाने आणि पालकांनी एकमेकांच्या मुलांना आपली मानले, तेव्हा ते उभे राहिले. रायगड जिल्ह्यात स्वमग्न प्रौढांसाठी असे घर व्हावे, ही माझी आजच्या सभेला पहिली विनंती आहे.

दुसरी विनंती लहान आहे आणि ती इथे बसलेल्या तरुण कार्यकर्त्यांना आहे. आपण गणेशोत्सवात राबता, मैदानावर मुलांना खेळवता, सहली काढता. उत्सवाच्या दहा दिवसांत एका दुपारी एक तास ध्वनिक्षेपक बंद ठेवा, दिव्यांची उघडझाप थांबवा आणि या मुलांना दर्शनाला बोलवा. बाप्पाला तो तास खचितच आवडेल. मैदानावरच्या खेळात एखाद्या स्वमग्न मुलाला घ्या. तो गडी म्हणून खेळला नाही तर गुण मोजू दे, रेषा आखू दे. त्याच्या अंगावरून हात फिरवून दया दाखवू नका. त्याला काम द्या.

पनवेल झपाट्याने बदलत आहे. १८५२ साली नगरपालिका पाहिलेले हे गाव २०१६ साली महानगर झाले, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये शेजारी विमानतळाचे उद्घाटनही झाले. रस्ते रुंद होतील, इमारती उंच होतील. शहराची उंची मात्र त्या किराणा दुकानात मोजली जाईल, जिथे कोणीतरी मागच्या रांगेला म्हणेल, "जरा थांबा, तो देतोय."

माझे बोलणे संपले. पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या मी संयोजकांना मोकळ्या ठेवायला सांगितल्या होत्या. दाराजवळ बसलेल्या माझ्या त्या दोन भगिनींना विनंती आहे, पुढे या. मुले ओरडली तर ओरडू देत. आम्ही थांबू.